पोमोनाची तिसरी रांग

लोला हार्कोर्टबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. वीसएक वर्षं मी तिचा आवाज टिपला. कानाला यंत्र लावून काचेआड बसायचं आणि समोरचे नट काय बोलतात ते नीट येतंय की नाही बघायचं, हे माझं काम. त्यामुळे तिला सर्दी होणार हे मला तिच्या आधी कळायचं. पण ती घरी कशी असते, एकटी असताना कोणाची आठवण काढते, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी तिच्या घरी कधी गेलो नाही. ती "ये की रे एकदा" म्हणायची, मी "येतो, येतो" म्हणायचो. तिच्या सुरुवातीच्या दिवसांचं जे इथे सांगतो ते थोडं तिच्या तोंडून, थोडं ब्रेनरसाहेबांकडून आणि थोडं पोमोनाच्या क्लेमंट योडरकडून ऐकलेलं. जुळवताना काही चुकलं असेल तर ते माझं.

तर ती मूळची नेब्रास्कातल्या विल्बर गावची, चेक शेतकऱ्यांच्या घरातली. खरं नाव लुडमिला ह्रुश्का. तिच्या मावशीची फुप्फुसं कमजोर होती. डॉक्टरांनी कॅलिफोर्नियाची कोरडी हवा सांगितली आणि सोबतीला ही पोरगी आली. वर्षभरात मावशीला बरं वाटलं म्हणून ती परत गेली, आणि लुडमिलाला इथे बरं वाटलं म्हणून ती राहिली.

राहिली म्हणजे वडिलांशी भांडून राहिली. गावात व्हाक्लाव नावाचा एक विधुर खाटीक होता. चार मुलं आणि चांगलं चालणारं सॉसेजचं दुकान. वडिलांनी त्याला जवळजवळ शब्दच दिला होता. मावशीला न्यायला आले होते तेव्हा ते स्टेशनवर म्हणाले होते, "सिनेमावाल्यांनी ठेवली तर राहा. ज्या दिवशी काढतील त्या दिवशी पहिल्या गाडीने घरी. व्हाक्लाव थांबेल. तो घाईचा माणूस नाही."

व्हाक्लाव घाईचा माणूस नव्हता हे खरंच होतं, आणि लुडमिलाला तीच धास्ती होती.

गॉवर रस्त्यावरच्या आमच्या लहानशा स्टुडिओत तिला काम मिळालं ते रडण्यामुळे. गर्दीतल्या बायकांमध्ये उभी असताना दिग्दर्शक ब्रेनरसाहेबांनी "रडा!" म्हटलं आणि बाकीच्या डोळे चोळायला लागल्या. हिच्या डोळ्यातून मात्र टपटप पाणी. फक्त डाव्या. उजवा डोळा कोरडा ठणठणीत. ब्रेनरसाहेब जवळ येऊन निरखून म्हणाले, "दुसरा कधी येतो?"

"तो येत नाही साहेब. लहानपणापासूनच."

"हरकत नाही. कॅमेरा डावीकडे लावू."

मालक मिस्टर गॅफनी यांनी तिला लोला हार्कोर्ट हे नाव दिलं. ह्रुश्का हे नाव म्हणायचा प्रयत्न त्यांनी दोनदा केला आणि दुसऱ्यांदा त्यांना ठसका लागला. करार सात वर्षांचा, पण दर सहा महिन्यांनी ठेवायची की काढायची हे ठरवायचा हक्क मालकाचा. मुलीला असा काही हक्क नव्हता. त्यामुळे स्टुडिओतल्या सगळ्या मुलींचं आयुष्य सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांचं असायचं. मुदत जवळ आली की मुली मिस्टर गॅफनींच्या विनोदांना जरा जास्तच हसायला लागायच्या.

सव्वीस साली तिला पहिली मोठी भूमिका मिळाली. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी. शेवटी ती नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून मरते. नायक होता रॉडरिक व्हेन. त्याच्या भुवयांवर बायका जीव टाकायच्या. लोलाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. मिस्टर गॅफनींनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "त्या मरणावर लोक रडले तर तू राहिलीस. नाही रडले तर विल्बरचं हवामान चांगलं आहे म्हणे."

आता मुक्या सिनेमाची रीत काय होती ते सांगायला हवं. कॅमेरा फिरत असताना नट तोंड हलवायचे, पण काय बोलायचे याला धरबंध नव्हता. आवाज कुठे जाणारच नव्हता. प्रेक्षकांना कळायचं ते मधल्या पाटीवर छापलेलं वाक्य. बाजूला एक म्हातारा व्हायोलिन वाजवायचा, भावना यावी म्हणून, आणि नट त्या सुरावर डोळे मिटून मनाला येईल ते बोलायचे. चेहरा दुःखी ठेवला की झालं.

पुरा झालेला सिनेमा आधी जवळच्या एखाद्या गावात नेऊन, नाव न सांगता दाखवायचा अशी पद्धत होती. लोक कुठे रडतात, कुठे खोकतात, कुठे उठून जातात, ते मागे उभं राहून पाहायचं. मिस्टर गॅफनींचं आवडतं गाव पोमोना. संत्र्याच्या बागा, सज्जन माणसं, आणि तांबड्या ट्रॅमने जाता येतं. त्या शनिवारी संध्याकाळी सगळे तिकडे गेले. लोला मागच्या खांबाला टेकून उभी होती.

सगळं छान चाललं होतं. दीपगृहावर वादळ आलं, बायकांनी हात तोंडावर नेले. मग मरण आलं. लोलाचा चेहरा पडदाभर, डावा डोळा वाहतोय, थिएटरातला ऑर्गनवाला जीव ओतून वाजवतोय, आणि तिसरी रांग हसायला लागली.

साधं हसणं नव्हे. अख्खी रांग एकमेकांच्या खांद्यावर डोकी आपटत होती. एक बाई खुर्चीतून घसरली. तिच्या नवऱ्याने तिला वर ओढलं आणि तोही हसून मटकन बसला. त्यांचं बघून चौथी रांग खुदखुदली, मग पाचवी. पडद्यावर लोला मेली तेव्हा निम्मं थिएटर पोट धरून होतं.

मिस्टर गॅफनी बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "ब्रेनर, मरण काप. पोरीला गाडीचं वेळापत्रक दे."

"पण का हसले ते तरी..."

"का हसले! तिचं थोबाड बघून हसले! आणखी काय?"

लोलाने हे ऐकलं. पण ती ट्रॅमकडे गेली नाही. लोक बाहेर पडत होते, त्यांत तिला ती खुर्चीतून घसरलेली बाई दिसली. लोला सरळ तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाई, माफ करा. माझं एवढं काय चुकलं हो?"

बाईने तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि तिला पुन्हा हसू फुटलं. शेजारचा उंच, शाईने बोटं काळी झालेला माणूस पुढे झाला. तो बोलला ते एका सुरात, जरा जास्तच मोठ्याने, जसा एखादा खोल विहिरीतून बोलतो.

"माझ्याकडे तोंड करून बोला. हिला ऐकू येत नाही. मलाही नाही. आमच्यात कोणालाच नाही."

तो क्लेमंट योडर. वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. सातव्या वर्षी तापात कान गेले, त्याआधी शिकलेलं बोलणं तेवढं उरलं. ती बाई त्याची बायको हेस्टर. तिसरी रांग म्हणजे पोमोनातल्या ऐकू न येणाऱ्या मंडळींचा क्लब. दर शनिवारी ते सिनेमाला यायचे, कारण सगळ्या जगात तेवढी एकच जागा होती जिथे ते आणि शेजारचा माणूस बरोबरीने होते.

"तुम्हाला ऐकू येत नाही, मग हसलात कशाला?" लोलाने विचारलं.

"ऐकू येत नाही म्हणूनच," क्लेमंट म्हणाला. "आम्ही ओठ वाचतो ना. पाटीवर त्या भुवईवाल्याचं वाक्य आलं, 'प्रिये, तुझ्याविना ही पृथ्वी ओसाड आहे.' आणि तोंडाने तो काय म्हणाला सांगू? 'लवकर मर गं बाई, कँटीनमधलं मटण संपेल.'"

लोलाला घाम फुटला. कारण आपण त्यावर काय बोललो ते तिला आठवलं.

"मग तुम्ही," क्लेमंट मजेत पुढे म्हणाला, "डोळ्यातून धार लावून म्हणालात, 'आधी कोपर काढ माझ्या केसांवरून. आणि पुन्हा कांदा खाऊन आलास ना मेल्या?' आणि लगेच पाटी आली, 'तुझ्या श्वासातच माझा स्वर्ग आहे.'"

हेस्टर पुन्हा खाली बसली. या वेळी पायरीवर.

लोलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. क्लेमंटने हळूच तिचे हात खाली केले. "झाकू नका. काय बोलताय ते कळत नाही."

"मी म्हणतेय की आता मला विल्बरला जाऊन खाटकाशी लग्न करावं लागणार!"

ही बातमी क्लेमंटने हातांच्या खुणांनी सगळ्या रांगेला सांगितली. हसणं थांबलं. हेस्टरने उठून तिचा हात धरला आणि नवऱ्याला भराभर काहीतरी सांगितलं.

"ही विचारतेय, खाटीक दिसायला कसा आहे?"

"सॉसेजसारखा!"

हेही हातांनी सांगितलं गेलं. त्यानंतर तिसरी रांग पूर्णपणे लोलाच्या बाजूची झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोला ब्रेनरसाहेबांच्या दारात हजर. साहेबांनी सगळं ऐकलं, आधी डोकं धरलं, मग तेही हसले. "पंधरा वर्षं सिनेमे काढतोय," ते म्हणाले. "माझ्या सिनेमांत नट काय काय बोललेत देवाला ठाऊक."

"देवाला आणि तिसऱ्या रांगेला," लोला म्हणाली. "साहेब, एकदा, फक्त एकदा परत मरू द्या मला."

दीपगृहाचा सेट मोडायला घेतला होता. पण पलंग आणि मागची भिंत उभी होती. रॉडरिकला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं.

"पाटीवरचंच वाक्य बोलायचं?" तो भुवया चढवून म्हणाला. "मुक्या सिनेमात? मी काय वकील आहे शब्द मोजून बोलायला?"

"रॉडरिक, तुझ्या पाया पडते. आणि कांदा नको."

"आता तू मला कांद्यावरूनही बोलणार?"

"अरे, अख्ख्या पोमोनाला कळलाय तुझा कांदा!"

हे ऐकून मात्र तो गंभीर झाला. बायका आपल्या भुवयांवर जीव टाकतात आणि पोमोनाच्या बायकांना आपल्या तोंडाचा वास ठाऊक आहे, हे त्याच्याने सहन होईना. त्याने जाऊन दात घासले आणि शब्दन् शब्द नीट म्हटला. लोलाही म्हणाली. गंमत अशी की खरे शब्द तोंडात आले तेव्हा तिचा उजवा डोळाही जरासा ओलावला. साहेबांनी नंतर शपथेवर सांगितलं. मी पाहिलेलं नाही. आणि मरताना, पाटीवरचं वाक्य संपल्यावर, डोळे मिटायच्या आधी तिने मान थोडी कॅमेऱ्याकडे वळवली आणि ओठ हलवून हळूच आणखी दोन शब्द म्हटले. व्हायोलिनच्या सुरात ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिस्टर गॅफनी पुन्हा दाखवायला तयार झाले ते हट्टाने. "जिथे हसले तिथेच रडले पाहिजेत. नाहीतर मी मरणही कापणार आणि तुलाही."

पुन्हा शनिवार. पुन्हा पोमोना. सिनेमाचं नाव आणि दिवस गुपित ठेवायचा नियम होता, पण क्लेमंटला दिवस कळलेला होता, कसा ते विचारू नका. तिसरी रांग गच्च भरलेली पाहून मिस्टर गॅफनींचा चेहरा पडला. "हीच ती माकडं," ते पुटपुटले.

वादळ आलं. बायकांनी हात तोंडावर नेले. मरण आलं. रॉडरिकने पृथ्वी ओसाड असल्याचं सांगितलं. लोलाने त्याच्या श्वासातल्या स्वर्गाविषयी सांगितलं. तिसरी रांग चिडीचूप. मग पडद्यावर तिने मान वळवली, आणि थिएटरात फक्त त्या रांगेला कळलं की मरणारी मुलगी म्हणतेय, "आभार, पोमोना."

मग हेस्टरने पर्समधून पांढरा रुमाल काढला. क्लेमंटने खिशातून काढला. मग सगळ्यांनीच. अख्ख्या रांगेचे रुमाल वर आले.

ऐकू न येणारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत. त्यांचा उपयोग काय? ती रुमाल हलवतात. त्यांच्याकडची ही जुनी रीत. पण मिस्टर गॅफनींना ती कुठून माहीत असणार! त्यांना मागून दिसले ते अंधारात फडफडणारे पांढरे रुमाल. त्यांनी ब्रेनरसाहेबांचा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

"रडतायत! बघ, बघ! अख्खी रांग! मागच्या शनिवारचीच माणसं! अरे, रुमाल पुरत नाहीयेत त्यांना!"

आणि रुमाल पाहून चौथ्या रांगेतल्या बायकांनाही आपण रडायला हवं होतं असं वाटलं असावं, कारण त्यांनीही रुमाल काढले, आणि ते खरोखरच ओले झाले.

मिस्टर गॅफनींनी बाहेर येऊन लोलाचा हात हातात घेतला. त्यांचेही डोळे पाणावले होते. "पोरी, दगडाला रडवलंस तू. राहा सहा महिने. वर्षभर राहा." लोलाने ब्रेनरसाहेबांकडे पाहिलं, साहेबांनी आकाशाकडे. दोघांपैकी एकानेही मालकांची समजूत दुरुस्त केली नाही.

तेव्हापासून लोला प्रत्येक सिनेमात पाटीवरचंच बोलायची. तिसरी रांग खूश. पाट्या वाचायच्या, ओठ वाचायचे, आणि मधूनच एखादा "हेस्टर, टोपी छान आहे" असा निरोप पडद्यावरून यायचा. व्हाक्लावला निरोप गेला की थांबू नकोस. तरी तो थांबलाच.

मग सिनेमा बोलायला लागला, आणि तेव्हा मी तिथे आलो.

ते दिवस फार वाईट होते. गोड चेहऱ्याच्या मुलींचे आवाज कोंबड्यांसारखे निघत होते. लोलाचा आवाज वाईट नव्हता, पण बोलण्यात विल्बरचं चेक वळण होतं, हलके शब्द तिच्या तोंडी जड व्हायचे. चाचणी ऐकून मिस्टर गॅफनी म्हणाले, "राजकन्या म्हणून उभी केली तरी खाटकाची बायको वाटते." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, कुठे बोट ठेवलं ते. तिला नायिकेच्या भूमिका बंद झाल्या. मुदत पुन्हा जवळ आली होती.

एका शनिवारी ती पोमोनाला गेली. तिसरी रांग रिकामी. क्लबमध्ये जाऊन पाहते तर सगळे पत्ते खेळत बसलेले.

"सिनेमाला नाही गेलात?"

"काय करू जाऊन?" क्लेमंट पत्ते टाकून म्हणाला. "पूर्वी पाटी यायची, वाचायचो. आता पाटी गेली. नट पाठमोरा बोलतो. मिशीतून बोलतो. दारामागून बोलतो. कोण कोणाचा भाऊ ते कळत नाही."

हेस्टरने हात हलवले. क्लेमंट म्हणाला, "ही म्हणते, मागच्या महिन्यात एका सिनेमात शेवटपर्यंत ती ज्याला नवरा समजत होती तो स्वयंपाकी निघाला."

सगळे हसले. लोला हसली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातच आमच्याकडे ते वारसाहक्काचं चित्र सुरू होतं. गोष्ट इतकी गुंतलेली की लिहिणाऱ्यानेच दोनदा माफी मागितली होती. मेलेला समजलेला म्हातारा माळी बनून स्वतःच्याच बागेत फिरतोय, धाकटी सून त्याला सामील आहे, वगैरे. लोलाला त्यात स्वयंपाकिणीचं काम होतं. एकच वाक्य: "जेवण वाढलंय." दिग्दर्शक ब्रेनरसाहेबच. त्या दिवशी मिस्टर गॅफनीही येऊन बसले होते, खर्च कुठे चाललाय ते पाहायला, आणि लोलाला ठेवायची की नाही ते ठरवायला.

तेव्हा ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, कुठेतरी लपवावा लागायचा. मी तो टेबलावरच्या सुपाच्या मोठ्या भांड्यात ठेवला होता. लोला आत आली, पावाची टोपली ठेवली, म्हणाली, "जेवण वाढलंय." आणि मग भांड्याकडे पाठ करून, तोंड सरळ कॅमेऱ्याच्या बाजूला वळवून, कमरेवर हात ठेवून, एकेक शब्द घोळवत बोलायला लागली. माझ्या कानात नुसतं गुरगुरणं.

"कट!" ब्रेनरसाहेब ओरडले. "एल्मर, काय बोलली ही?"

"अर्धंच आलं साहेब. माळ्याचं काहीतरी होतं."

"लोला, हे कागदावर कुठे आहे?"

"कागदावर नाही साहेब. पण मी स्वयंपाकीण आहे. सगळ्या घरात काय चाललंय ते स्वयंपाकिणीलाच कळतं. ती गप्प बसेल होय?"

मला वाटलं, संपलं हिचं. पण मिस्टर गॅफनी खुर्चीतून पुढे वाकले. "काय बोललीस ते पुन्हा बोल."

ती पुन्हा बोलली, तशीच, प्रत्येक शब्द ओठांवर दिसेल अशी. "जेवण वाढलंय. आणि वरच्या खोलीत मेलेला म्हातारा मेलेलाच नाही. तो माळी बनून बागेत गुलाब कापतोय. धाकटी सून त्याला चोरून केक नेऊन देते, थोरला मुलगा त्यालाच बागकामाच्या सूचना देतो. या घरात डोळे फक्त मलाच आहेत का?"

मिस्टर गॅफनी हळूहळू उठले.

"थांबा, थांबा. म्हणजे तो माळी म्हणजे म्हातारा?"

"हो साहेब," ब्रेनरसाहेब म्हणाले.

"मग मला कोणी सांगितलं का नाही? मी इतके दिवस विचारतोय की या माळ्याला एवढं काम का दिलंय! ठेवा! हे वाक्य ठेवा!"

"पण साहेब, आवाज येत नाही," मी काचेआडून बाहेर येऊन म्हटलं. एवढी माणसं समोर असताना बोलायची माझी ती पहिलीच वेळ असेल. "बाईंनी भांड्याकडे तोंड करायला हवं."

लोलाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "तोंड मी फिरवणार नाही रे बाबा. भांडं फिरव तू."

"भांड्यातून वायर गेलीय मिस हार्कोर्ट."

"मग ते तुझं यंत्र माझ्या पावाच्या टोपलीत ठेव. मी टोपली काखेतच धरते."

"वायर दिसेल."

"ॲप्रनच्या आतून ने. माझे पाय मी हलवत नाही, मग झालं?"

झालं. पावांच्या मधोमध यंत्र बसवलं, वायर ॲप्रनखालून नेली, आणि लोला जागच्या जागी उभी राहून कॅमेऱ्याकडे तोंड करून सगळं घर उघडं पाडून गेली. एक शब्द वाया गेला नाही. पावाचा कुरकुर आवाज तेवढा आला, तो स्वयंपाकघरात चालतो.

लोकांनी ते चित्र उचलून धरलं. ज्यांना ऐकू येत होतं त्यांनाही गोष्ट कळली नव्हतीच की! लोला येऊन बोलली आणि थिएटरभर "अच्छा!" असा सुस्कारा उठला. मिस्टर गॅफनींनी तिला ठेवलं. पुढे तर कथा लिहिणाऱ्यांच्या खोलीत रीतच पडली. गोष्ट गुंतली, सोडवता येईना, की कोणीतरी म्हणायचं, "इथे एक लोला घाला." मग ती शेजारीण व्हायची, नर्स व्हायची, खाणावळवाली, टेलिफोनवाली, लग्नातली आगाऊ आत्या. आत यायची, कमरेवर हात ठेवायची, कॅमेऱ्याकडे तोंड करायची आणि कोण कोणाचा कोण ते सांगून टाकायची. दिग्दर्शक म्हणायचे, जरा तिकडे बघून बोला. ती म्हणायची, "बघते की," आणि इकडेच बघायची. मी ध्वनिग्राहक हलवत राहायचो. फुलदाणीत, टोपीत, एकदा बाळाच्या पाळण्यात.

पोमोनाची तिसरी रांग पुन्हा भरली. क्लेमंटने मला सांगितलं होतं, सिनेमा सुरू झाला की ते निवांत बसायचे, काही जण डुलक्याही काढायचे. लोला दिसली की हेस्टर सगळ्यांना कोपरखळ्या मारायची. मग क्लेमंट मागे वळून, ज्यांना ओठ नीट दिसले नाहीत त्यांना हातांनी गोष्ट सांगायचा. पुढची गोष्ट मग ते स्वतःच लावायचे.

विल्बरला ती परत गेली नाही. व्हाक्लावने शेवटी एका शिक्षिकेशी लग्न केलं आणि दर नाताळला लोलाला सॉसेज पाठवत राहिला, चांगलं मोठं पार्सल. ती ते स्टुडिओभर वाटायची. तिने लग्न का केलं नाही ते मला ठाऊक नाही. रॉडरिकने विचारलं होतं असं कोणी म्हणतं. कांद्याचा विषय निघाला असेल.

एकोणपन्नास साली ती पन्नाशीकडे झुकली होती. नवा तरुण दिग्दर्शक होता. त्याने तिला नम्रपणे सांगितलं की आता प्रेक्षकांना सगळं समजावून सांगायची गरज नाही, तुमचं भाषण कापतोय, पण "पाहुणे आलेत" एवढं वाक्य राहू द्या.

"राहू दे," ती म्हणाली. "पण मी कुठे तोंड करून म्हणू?"

"कुठेही म्हणा."

"मग झालं तर."

तिने ते एक वाक्य म्हटलं. त्यातच पाहुणे कोण आहेत, कशाला आलेत आणि त्यांचं काही खरं नाही, हे सगळं कसं बसवलं कोण जाणे. शब्द दोनच होते. नंतर ती माझ्या खोलीत डोकावली. त्यानंतर ती स्टुडिओत आली नाही; पुन्हा यायचं नाही असं तिने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं का, ते मला नंतरही कळलं नाही. मुदत संपली नव्हती. कोणी काढलंही नव्हतं.

"आलं का नीट?" तिने विचारलं.

"आलं."

"शनिवारी पोमोनाला तो आधीचा लागतोय, नर्सचा. सगळे येणार आहेत. तुझी जागा धरून ठेवू?"

"या शनिवारी नको. पुढच्या वेळी नक्की."

"बरं. जेवलास का?"

"जेवतो आता."

"जेव मग. मी निघते, ट्रॅम चुकायची. आणि हे दार नीट लागत नाही रे, ओढून घे."

"घेतो," मी म्हटलं.